सरकार, मी लग्न करू का?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी नोकरीची मुलाखत देऊन रडतच परत आली. पदवी आहे, संगणक येतो. साहेबांनी विचारलं काय, तर ‘लग्न कधी करणार?’ एमएसडब्ल्यू झाल्यावर मलाही एका संस्थेत हेच विचारलं होतं. मी हसून म्हणाले, ‘इतक्यात नाही हो!’ नोकरी हवी होती ना. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. म्हणून आज सी. बी. मुथम्मांबद्दल बोलायचं ठरवलं.

कोडगूमधल्या विराजपेठेत १९२४ साली त्यांचा जन्म झाला. त्या नऊ वर्षांच्या असताना वडील गेले. आईने नेटाने शिकवलं. मद्रासला इंग्रजी साहित्याचं शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत रुजू झालेली पहिली स्त्री ठरल्या. विजयालक्ष्मी पंडित १९४७ मध्येच मॉस्कोला राजदूत म्हणून गेल्या होत्या, पण ती सरकारने थेट केलेली नेमणूक. परीक्षा देऊन, एकेक पायरी चढत जाणं वेगळं. बाईने ही सेवा घेऊ नये म्हणून मुलाखत मंडळानेच आपल्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला, असं मुथम्मांनी पुढे सांगितलं. रुजू होताना तर लग्न केल्यास राजीनामा देईन, असं लिहून द्यावं लागलं.

नंतर, १९६१ च्या नियमांत हे सगळं रीतसर छापलं गेलं. बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर घरसंसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. विवाहित स्त्रीला तर या सेवेत नेमणुकीचा हक्कच नाही! पुरुषांना घरसंसार नसतोच जणू.

पॅरिस, रंगून, लंडन अशी कामं करत १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. सेवेतून वर येऊन राजदूत झालेली पहिली बाई. त्यानंतर घाना. पण वरच्या श्रेणीच्या बढतीची वेळ आली तेव्हा ‘पुरेशी गुणवत्ता नाही’ म्हणून त्यांना डावललं. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आणि गंमत बघा, खटला चालू असतानाच सरकारला त्यांची गुणवत्ता दिसली! बढती मिळाली, हेगला राजदूत म्हणून नेमणूकही झाली. मधल्या काही महिन्यांत कनिष्ठ अधिकारी मात्र पुढे निघून गेले होते.

१७ सप्टेंबर १९७९ ला न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. याचिका फेटाळली. कागदावर मुथम्मा हरल्या, असंच म्हणावं लागेल. पण सरकारला न्यायालयात सांगावं लागलं होतं, की विवाहित स्त्रीवरची बंदी काढली आहे आणि परवानगीचा नियमही काढत आहोत. संसाराची अडचण पुरुषालाही येऊ शकते, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट सुनावलं, आणि मुथम्मांच्या ज्येष्ठतेचा फेरविचार करायला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, ती मोठी अधिकारी, आमचं काय? तर ऐका. त्याच्या चौदा वर्षं आधी, १९६५ मध्ये, मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातल्या कामगार बायकांसाठी त्यांची युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली होती. लग्न झालं की नोकरी गेली, अशी अट होती. विवाहित बायका फार गैरहजर राहतात, हे कंपनीचं कारण. न्यायालयाने ते मानलं नाही, अट काढायला लावली. म्हणजे औषधं पॅक करणाऱ्या बायकांना जे मिळालं, ते राजदूत बाईला अजून मिळायचं होतं. आपल्या चळवळीच्या इतिहासात हा क्रम कुणी सांगत नाही, याचा मला रागच येतो.

आणि हे जुनं झालं असंही नाही. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये काढून टाकलेल्या लष्करी परिचारिका-अधिकाऱ्याला साठ लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२४ च्या फेब्रुवारीत. छत्तीस वर्षं!

मुथम्मा १९८२ मध्ये निवृत्त झाल्या, २००९ मध्ये गेल्या. त्यांच्याबद्दल कुठेही बोलले तरी पहिला प्रश्न येतो, ‘त्यांनी लग्न केलं का?’ नाही केलं.

आमच्या त्या मुलीची सोमवारी दुसरीकडे मुलाखत आहे. काल रात्री चौघीजणी बसून आम्ही सराव केला. मी साहेब झाले होते. लग्नाचं विचारलं, तर ती म्हणाली, ‘हा प्रश्न तुम्ही मुलांनाही विचारता का, सर?’ पहिल्यांदा आवाज कापला. तिसऱ्यांदा नाही.