कागद जपा, मुदत पाळा, राजीनामा देऊ नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आनंदाचा दिवस आहे. पण आम्ही बोलणार आहोत ते आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

आपल्या वस्तीतला एक तरुण सरकारी कार्यालयात कायम शिपाई होता. गाडीवरून पडला, पाय मोडला. खाजगी दवाखान्यात प्लास्टर घातले. रात्रभर तो सांगत होता, "बोटं बधिर झालीत, काळी पडताहेत." उत्तर मिळाले, "दुखणारच." तिसऱ्या दिवशी प्लास्टर कापले तेव्हा पाय हातचा गेला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. चार महिन्यांनी कामावर गेला तर साहेब म्हणाले, "आता तुला धावपळ कशी जमणार? राजीनामा दे, फंड लवकर काढून देतो." पोराने सही केली.

आम्ही काय केले? घरोघर वर्गणी काढली, कुबड्या आणल्या, त्याच्या लेकरांना वह्या-पुस्तके घेतली. दया केली, न्याय मागितला नाही. वकिलांकडे गेलो तेव्हा अडीच वर्षे उलटली होती आणि निम्मे केसपेपर गळक्या घरात भिजून गेले होते. वकीलसाहेब म्हणाले, "इतके दिवस कुठं होता?" आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला आहे. पण त्याचा भरवसा कोण देणार?

म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली. डॉक्टर म्हणजे देव नव्हे, आणि पेशंट दगावला की दवाखाना फोडणे हाही न्याय नव्हे. प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे हलगर्जीपणा होत नाही. साधारण जाणकार डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजीही घेतली नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी बहुधा दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचे मत लागते. म्हणून कागद महत्त्वाचे. लेखी मागणी केल्यावर 72 तासांत उपचाराची कागदपत्रे द्यावीत, असा 2002 पासून डॉक्टरांना नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बिले, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा.

दुसरी. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितले. आता 2019 चा कायदा आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याची तक्रार मात्र तिथे चालत नाही. म्हणून गप्प बसायचे का? 1963 साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात बाळंत झालेल्या एका माउलीच्या पोटात ऑपरेशनच्या वेळी टॉवेल राहिला आणि ती गेली. तिच्या माणसांनी दिवाणी दावा लावला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले. भरपाई 36,000 रुपयांची. तेहतीस वर्षे गेली, पण ती माणसे हटली नाहीत.

तिसरी. अपंग बांधवांसाठी, म्हणजे आता कागदोपत्री म्हणतात त्या दिव्यांगांसाठी, 2016 चा कायदा आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावे लागते. आपल्या पोराला हे कुणी सांगितले नाही. म्हणून कुणी कितीही गोड बोलले तरी राजीनाम्यावर सही करू नका. कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर दिव्यांग आयुक्तांकडे जा. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

चौथी. "वकिलाला पैसा कुठून आणू?" ही अडचण खरी. पण 1987 च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया, मुले आणि अपंग यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही 1990 पासून केंद्राच्या यादीत स्थान आहे, तेव्हा जातीचा दाखला काढून ठेवा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. 15100 हा फोन नंबर घराघरात भिंतीवर लिहून ठेवा. ही भीक नव्हे, हक्क आहे.

बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. कायद्याच्या दारात उभे राहायला त्यांची लेकरे भिऊ लागली, तर त्यांच्या फोटोला आपण हार कोणत्या तोंडाने घालायचा?

शेवटी एक विनंती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर आम्ही काही जण विहारात बसणार आहोत. वाचता येवो न येवो, दवाखान्याची पिशवी घेऊन या. अर्ज आम्ही लिहू, कचेरीत सोबत येऊ. तो तरुणही आमच्याबरोबर बसणार आहे. तो म्हणतो, "माझं व्हायचं ते झालं, दुसऱ्याचा वेळ जाऊ नये."

वर्गणी आपण यापुढेही काढू. पण त्याआधी तक्रार लिहू.

जयभीम! नमो बुद्धाय!