मौलाना, मुख्याध्यापक आणि आपण

अमरावती-अकोल्यात फिरताना दोन वाक्यं मला वारंवार ऐकू येतात. मौलाना म्हणतात, "शाळेत पोरींचा दीन बिघडतो." मुख्याध्यापक म्हणतात, "तुमच्या समाजाला शिक्षणाची आवडच नाही." दोघं एकमेकांना भेटत नाहीत, घरी बसते ती आठवीतली मुलगी.

राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक प्रार्थनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. हे मौलानांना सांगा, मुख्याध्यापकांना आठवण करून द्या.

शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या समितीत आपल्या किती अम्मी आहेत? उद्याच जाऊन विचारा.