पदवीची परीक्षा विहिरीच्या काठावर



जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या आंदोलनामुळे देशाला परिचित झाले. त्या आंदोलनाच्या मुळाशी शिक्षण आणि नोकरी यांविषयीची तरुणांची चिंता होती. त्या चिंतेचे एक उत्तर याच भूमीच्या पोटात दडलेले आहे.

येथील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या मुरमात. म्हणूनच एका विहिरीला पाणी असते आणि शेजारच्या शेतातील बोअर कोरडे जाते. शेतकरी पाणाड्याला बोलावतो, तळहातावर नारळ फिरतो आणि कर्जाऊ पैसा कातळात मुरतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या.

अशा वेळी भूगर्भशास्त्राचा पदवीधर कोठे असतो? खनिजांची नावे त्याला मुखोद्गत असतात. विहिरीत उतरून थरांचा छेद काढता येत नाही. केंद्राच्या भूवैज्ञानिक परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. केवळ बी.एस्सी. झालेल्याच्या हाती मग कौशल्याखेरीज काय उरते?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने प्रत्यक्ष कार्यानुभवाला पदवीत स्थान दिले आहे. ते केवळ वहीपुरते राहू नये. विद्यार्थ्याने पावसाळ्याआधी आणि नंतर गावातील विहिरींची पाणीपातळी टेपने मोजावी, मोबाईलवर अक्षांश-रेखांश नोंदवावेत, मोफत मिळणाऱ्या संगणकप्रणालीवर नकाशा करावा, पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि तो ग्रामसभेत सोप्या मराठीत समजावून सांगावा. ‘येथे बोअर घेऊ नका’ असे स्पष्ट सांगण्याचे धैर्यही त्याने कमवावे. पाणलोटाची कामे, भूजल सर्वेक्षण, बांधकामापूर्वीची खडक-तपासणी या सर्व ठिकाणी हीच कौशल्ये लागतात.

ही दृष्टी परकी नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूजलाच्या खुणांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यातील प्रत्येक खूण आज कसोटीला लावावी लागेल. पण निरीक्षणाचा तो संस्कार आपलाच आहे. जालना जिल्ह्यातीलच कडवंचीने पाणलोट विकासातून द्राक्षबागा फुलवल्या, हे तर सर्वांसमोर आहे.

पदवीदान सभागृहात होते. पदवीची खरी परीक्षा मात्र विहिरीच्या काठावर होते. ज्या दिवशी गावचा शेतकरी बोअर घेण्याआधी गावच्याच पदवीधराला विचारील, त्या दिवशी ते शिक्षण सार्थकी लागले असे म्हणता येईल.