राखडीचा नियम आणि धुराचा नियम

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यात एखाद्या घरकुलाचं काम निघालं की सिमेंटच्या गोण्या येऊन पडतात. त्यांतल्या बऱ्याच गोण्यांवर ‘पीपीसी’ (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) आणि ‘फ्लाय अ‍ॅश बेस्ड’ असं छापलेलं असतं. ही फ्लाय अ‍ॅश म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राखड.

आपल्या दगडी कोळशातून तीस ते चाळीस टक्के राख निघते. १९९९ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ती वापरणं बंधनकारक केलं. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनाही हा नियम लागला. पुढे ते अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटर झालं. २०२१ च्या अधिसूचनेनं न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई ठरवली.

गडचांदूर, आवाळपूर, घुग्घुस या पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांना ही राख सोयीची. चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजून सिमेंटचा मूळ घटक, म्हणजे क्लिंकर होतं, त्यात कोळसा जळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख घालता येते. तेवढं क्लिंकर वाचतं, खर्चही वाचतो. टनामागे सर्वांत कमी कार्बन सोडणाऱ्या सिमेंट उद्योगांत भारताची गणना होते, त्यामागे ही राख आहे. नीट आखलेला कडक नियम उद्योगाला अधिक कार्यक्षम करतो, असं हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं.

नियमांतल्या ढिलाईची किंमतही चंद्रपूरनं मोजली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथं आलं आणि जानेवारी २०१० मध्ये इथल्या नव्या प्रकल्पांची पर्यावरण मंजुरीच थांबली.

आता धुराचा नियम पाहा. वीज केंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, मुदत दोन वर्षांची. ती पुन्हापुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि धुरातून हा वायू काढून टाकणारी यंत्रणा महाग आहे, असं सरकारचं म्हणणं. खर्च मोठा आहे, हे खरंच. पण ज्यांनी मुदत पाळून पैसा घातला ते तोट्यात राहिले, आणि थांबून राहिलेल्यांचा फायदा झाला. असा नियम उद्योगाला वाट पाहायलाच शिकवतो.

या यंत्रणेत धुरावर पाण्यात कालवलेल्या चुनखडीच्या भुकटीचा फवारा मारतात आणि त्यातून जिप्सम तयार होतं. सिमेंट फार लवकर घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यांना तेच जिप्सम लागतं, आणि देश ते आयातही करतो. चुनखडी, वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने एकाच जिल्ह्यात असल्यानं हा मेळ चंद्रपूरइतका क्वचितच कुठे जमेल.

अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या वीज केंद्रांना ही यंत्रणा लावायची का, याचा निर्णय आता प्रकरणागणिक व्हायचा आहे. चंद्रपूर त्यात मोडतं. तो निर्णय घेताना वीजदरात किती पैसे वाढतील याच्या जोडीनं किती जिप्सम हाती येईल आणि किती लोकांचे दवाखान्याचे फेरे वाचतील, हेही मांडलं जावं. आणि एकदा तारीख ठरली की ती हलू नये.