डाग आगीच्या मागे पळतो

आज माझी एक फजिती सांगते.

मी घरीच चांदीचे दागिने बनवते. मागच्या वर्षी एक ताई आजीची साखळी घेऊन आल्या. एकच कडी तुटलेली. म्हटलं, दहा मिनिटांचं काम! डागाचा, म्हणजे सोल्डरचा, तुकडा ठेवला, टॉर्च लावला, आणि डाग वितळून थेट शेजारच्या दोन कड्यांत शिरला. तिन्ही कड्या चिकटून काडीसारख्या ताठ. आजीची साखळी हो! मला घामच फुटला.

ज्यांच्याकडे शिकले त्या सोनारकाकांना फोन केला. "अगं, ज्योत कुठे धरलीस? डागावरच ना?"

हो, डागावरच धरली होती. आणि ती शेजारीही पसरली होती.

वितळलेला डाग जिकडे धातू जास्त तापलेला, तिकडे पळतो. म्हणून तापवायचा तो दागिना, डाग नाही. वाटीला बारीक कडी जोडायचीय? आधी जाड वाटी तापवा, कडीकडे ज्योत शेवटी न्या. उलट केलंत तर डाग कडीवर चढतो, नाहीतर कडीच वितळते. 925 ची चांदी साधारण 800 अंशांना वितळायला लागते, कडक डाग त्याच्या थोडाच आधी. तेवढीच काय ती सवड! डाग पाऱ्यासारखा चमकून पळाला की ज्योत लगेच बाजूला.

आणि डाग फट बुजवत नाही बरं का. टोकं अशी जुळवा की उजेडासमोर धरली तरी फट दिसू नये. मग तो आपोआप आत ओढला जातो. सवागी फक्त जोडावर लावा. जिथे डाग नकोय तिथे गेरू पाण्यात कालवून लावा, पण जोडात जाऊ देऊ नका. मी नेमका गेरूच विसरले होते.

जाता जाता, कॅडमियमवाला डाग स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. 'केडीएम' सोन्याचं नाव त्यावरूनच आलं. त्याची वाफ विषारी असते.

साखळीचं काय झालं? पुन्हा सवागी लावून तापवली, चिमट्याने हलवत दोन कड्या सुटल्या. तिसरी कापली, तारेची नवी केली. ती जरा जास्तच चमकते. ताईंना सगळं खरं सांगितलं, पैसे घेतले नाहीत. महिन्याभराने त्या आजीचे तोडे घेऊन आल्या. या वेळी गेरू आधी कालवला.