लंडनचं म्युझियम बघताना पाटीची शेवटची ओळ वाचा

मी आंबिवलीहून बोलतोय, मध्येच लोकलचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या.

ऑफिसच्या कामासाठी लंडनला निघालेले मित्र हमखास विचारतात: हातात एकच वीकेंड आहे, म्युझियम कुठलं बघू? माझं उत्तर ठरलेलं. एकच बघा, पण नीट बघा. साउथ केन्सिंग्टनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, म्हणजे व्ही अँड ए. कायमच्या दालनांना तिकीट नाही. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, म्हणजे काम आटोपूनही जाता येतं.

आता नीट बघायचं म्हणजे काय? आपण कोडवाले लोक. एखादी फाइल उघडली की आधी हिस्टरी बघतो, हे कुणी टाकलं, कधी टाकलं? म्युझियममध्येही तेच करायचं. वस्तू बघून झाली की पाटीवर ती तिथे कशी पोचली ते शोधायचं. पाटीवर नसेल तर त्यांच्या वेबसाइटवर वस्तूचं नाव टाका. इतिहास मिळतो, आणि ती सध्या मांडलेली आहे की गोदामात, तेही कळतं.

टिपूचा वाघ घ्या. लाकडी वाघ, त्याच्याखाली आडवा पडलेला गोरा शिपाई, पोटात ऑर्गन. बघायला मजा येते. मग इतिहास वाचा: १७९९, श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि कंपनीच्या लुटीत हा वाघ लंडनला गेला. आता तीच वस्तू वेगळी दिसते की नाही?

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे वाघनखं. ती १८१८ मध्ये साताऱ्याला आलेल्या जेम्स ग्रँट डफकडे होती. पण शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरलेली हीच, याचा पुरावा नाही, असं व्ही अँड ए स्वतःच सांगतं. ऐकायला जड जातं, पण माहीत आहे तेवढंच सांगणं मला पटतं. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. कारण १९८३ च्या ब्रिटिश कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, व्ही अँड एला संग्रहातली वस्तू देऊन टाकता येत नाही. म्हणजे परत करायची इच्छा असली तरी आधी कायदा बदलायला हवा.

आणि आता आपल्याकडची गोष्ट. भायखळ्याच्या राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं, तेव्हा त्याचंही नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं. लंडनच्या म्युझियमला ते नाव १८९९ मध्ये मिळालं. म्हणजे नावाच्या बाबतीत आपलं थोरलं! १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं. हे डॉक्टर त्या संग्रहालयासाठी झटणाऱ्यांपैकी एक.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. क्रेन टिकली असती तर आज हा हत्ती बघायलाही व्हिसा काढावा लागला असता.

आपल्यातल्या किती जणांचे आई-बाबा लंडनला जाणार आहेत? वस्तू कुठे ठेवली आहे, यावर ती कुणाला दिसणार हे ठरतं. म्हणून लंडनला गेलात तर आपल्या वस्तूंचे फोटो पाटीसकट काढा आणि घरच्यांना समजावून सांगा. नसाल जाणार, तर सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन लोकलने भायखळ्याला उतरा, पूर्वेला बाहेर पडा. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.

चला, भेटू पुढच्या भागात!