तळे राहो, डास जावोत
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी डासांवर बोलावे, हे कोणालाही थोडे विचित्रच वाटेल. पण चिटणीसबाईंनी हा विषय सुचविला तो विचारपूर्वकच. गेल्या पावसाळ्यात आपल्या वसाहतीत घरोघर तापाची माणसे होती. काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. तेव्हापासून वसाहतीच्या कडेचे तळे बुजवून टाकावे, निदान त्यातली खारफुटी तोडून वर औषधाचा मारा करावा, असा अर्ज करण्याची भाषा चालली आहे. त्या अर्जावर मंडळाने सही करावी की नाही, हे आता आपल्याला ठरवायचे आहे. आणि हिवाळ्यात त्याच तळ्यावर रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उतरला की मुलांना कडेवर घेऊन कठड्याशी उभ्या राहणाऱ्याही आपणच आहोत!

मुलाचा ताप आणि पाखराचा आसरा यांत एकच निवडायची पाळी आली, तर कोणतीही आई मुलाकडेच पाहील, आणि ते योग्यच होय. पण तशी पाळी आलेली नाही, असे माझे सांगणे आहे. ते का, हे तुम्हीच ऐकून ठरवा.

प्रथम डासाची ओळख करून घेऊ. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. तेव्हापासून डास हा आपला वैरी ठरला. परंतु सगळे डास एका घरचे नव्हेत. डेंग्यू पसरविणारा एडीस दिवसा चावतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि तो अंडी घालतो ती स्वच्छ, साठविलेल्या पाण्याच्या भांड्यांत. पिंप, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गच्चीवर टाकलेला टायर, शहाळ्याची करवंटी ही त्याची माहेरघरे. जन्मला तेथून तो सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. शहरातला हिवताप पसरविणारा अ‍ॅनॉफिलीस गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामाच्या जागी साचलेल्या पाण्यात वाढतो. तिसरा क्यूलेक्स. रात्री कानाशी गुणगुणणारा तो हाच. याला घाण पाणी प्रिय. तुंबलेली गटारे आणि सांडपाण्याची डबकी ही त्याची जागा.

मुंबईत हिवताप का पसरतो याचा तपास डॉ. बेंटली यांनी केला व त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी बोट ठेवले ते वाड्यावाड्यांतल्या विहिरींवर व टाक्यांवर. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ती गोष्ट पुरती आपल्या अंगवळणी पडलेली नाही. डेंग्यूसाठी तळे बुजविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे. तळे बुजेल, आणि बशीतला एडीस तसाच सुखरूप राहील.

मग तळे अगदीच निर्दोष काय? तसेही मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात किंवा पावसाच्या दिवसांत अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. तेवढे दिवस अळीला हवे असते ते संथ, उथळ पाणी, आणि मासा पोहोचणार नाही अशी जागा. पाणी खेळते असेल, वाऱ्याने त्यावर लाटा उठत असतील, त्यात मासे आणि चतुरांची पिल्ले असतील, तर अळीचा निभाव लागत नाही. पण गाळ साचला, काठाशी गवत माजले, प्लॅस्टिकने वाट अडली आणि वरून सांडपाणी सुटले, की त्याच तळ्याचा एखादा कोपरा क्यूलेक्सचे पाळणाघर होतो. दोष पाण्याचा नाही, पाणी अडकण्याचा आहे.

माणसाने राखलेल्या पाणथळीत डास कसे आवरावे, याची एक मोठी शिकवण अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर घडली. तेथे समुद्राला लागून इंडियन रिव्हर नावाची लांबच लांब खाडी आहे. कडेला खारी दलदल आणि खारफुटी. तेथला खाजणातला डास फार चमत्कारिक. तो पाण्यावर अंडी घालीतच नाही. ओलसर चिखलात घालतो. अंडी वाट पाहत पडून राहतात, आणि मोठी भरती किंवा पाऊस येऊन चिखल बुडाला की लाखोंनी डास उठतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे डीडीटी फवारले गेले. थोड्याच वर्षांत डासांना ते मानवेनासे झाले, म्हणजे मारीनासे झाले.

मग तेथल्या लोकांनी युक्ती काढली. दलदलीला मातीचे बांध घालून उन्हाळाभर आत पाणी भरून ठेवायचे. चिखलच उघडा राहिला नाही तर डास अंडी घालणार कुठे? युक्ती अचूक होती. डास खरोखरच कमी झाले. १९५० नंतरच्या दोन दशकांत किनाऱ्यावरची हजारो एकर दलदल अशी बांधांच्या आत गेली.

पण बांध बारा महिने बंदच राहिले. खारफुटीची काही झाडे चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेतात. ती मुळे बुडून राहिल्याने झाडे मेली. खाडीतली मासळी लहानपणी या दलदलीत वाढते; तिची वाट बंद झाली. मेरिट बेटावर ‘डस्की सीसाइड स्पॅरो’ नावाची एक काळपट रंगाची चिमणी राहत असे. ती दलदलीच्या गवतातच घरटे करी. आधी डीडीटी, मग बांधांतले पाणी. तिचे गवतच नाहीसे झाले. जवळच्या दुसऱ्या भागात तिचे उरलेले भाऊबंद रस्ते, वस्ती आणि वणवे यांनी संपले. १९८७ साली या जातीचा शेवटचा नर पिंजऱ्यात मेला. आता ती चिमणी पृथ्वीवर कोठेही नाही.

याच किनाऱ्याने पुढे सुधारणेचा मार्गही दाखविला, तो अधिक महत्त्वाचा. तेथल्या डास नियंत्रणाच्या माणसांनी आणि पाणथळीच्या अभ्यासकांनी बांधांत मोठ्या नळ्या घालून त्यांना दारे बसविली. डासांच्या हंगामात, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर, दारे बंद आणि चिखलावर बेताचे पाणी. उरलेले महिने दारे उघडी. भरती-ओहोटी मोकळी, मासळीला वाट मोकळी. पुष्कळ ठिकाणी खारफुटी परत आली, मासळीची पिल्ले परत आली, आणि डासही आटोक्यात राहिले. म्हणजे तळे मारावे लागले नाही. पाण्याचे वेळापत्रक सुधारावे लागले.

मात्र तेथली दारे तेथल्या डासासाठी. आपल्या क्यूलेक्सला साचलेले पाणीच हवे असते. त्याच्यासाठी पाणी कोंडले तर उलटे होईल. त्यांच्याकडून घ्यायचा तो उपाय नव्हे, उपाय शोधण्याची रीत: डासाची खोड ओळखा, पाण्याची वेळ ओळखा, पाखरांचे दिवस ओळखा.

आता आपल्या दाराशी येऊ. नवी मुंबईचा पुष्कळ भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून शहर वसविताना धारण तलाव बांधले गेले. भरतीच्या वेळी खाडीच्या दाबाने त्यांच्या झडपा मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटीला झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जाते. घराच्या मोरीला जसा बोळा, तशी शहराला ही सोय. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, खाडीचे पाणी थोडेबहुत आत येत राहिले, खारफुटी उगवली आणि पाखरे आली. अशी तळी बुजविली तर डासांपूर्वी पूरच घरात येईल, हे तळमजल्यावरच्या भगिनींना सांगायला नको.

पाखरांचेही पाहा. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. पण भरतीला खाडीचा चिखल बुडाला की हे पक्षी विसाव्याला नेरूळ परिसरातल्या पाणथळींवर येतात. २०२४ साली तेथल्या एका तलावात भरतीचे पाणी येईनासे झाले, तलाव आटत गेला, आणि फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. अडकलेले पाणी डासाला मानवते आणि पाखराला मारते. खेळते पाणी पाखराला मानवते आणि डासाला मारते. या बाबतीत आपले हित आणि पाखरांचे हित एकच आहे.

औषधांविषयी दोन शब्द. धुराच्या फवाऱ्याने उडते डास तेवढे मरतात; अळ्या पाण्यात सुरक्षित राहतात, आणि डास खाणारे चतुरही त्यात सापडतात. तळ्यावर तेल ओतणे म्हणजे मासे आणि पाखरे दोघांनाही इजा. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात एक जंतू सापडला. त्याला बीटीआय म्हणतात. अळीने तो गिळला की तिचे पोट फाटते. माणसाला, माशाला, पाखराला तो अपाय करीत नाही. औषध वापरायचेच तर हे बरे. तरीही सरसकट नको. फ्रान्समधील कामार्ग या दलदलीच्या प्रदेशात ते फवारले तेथे पाकोळीच्या जातीच्या पक्ष्यांना दर घरट्यामागे पिल्ले कमी झाली, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कारण त्यांच्या चाऱ्याचे किडेच कमी झाले. म्हणून आधी पाण्यात पळी बुडवून अळ्या आहेत का ते पाहावे, आणि जेथे आहेत तेवढ्याच कोपऱ्यात औषध टाकावे. गप्पी मासे टाकीत, हौदात, विहिरीत जरूर सोडावेत. पण तळ्यात नकोत. ते मूळचे परदेशी. तेथे आपल्या लहान मासळीचा घास पळवितात. आपल्याकडच्या पाण्यात डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला एक चिमुकला मासा पृष्ठभागाशी फिरत असतो. तोही अळ्या आवडीने खातो. त्याला फक्त वाट मोकळी हवी.

तेव्हा माझी सूचना अशी. मंडळाने अर्ज अवश्य करावा, पण निराळा. त्यात चार मागण्या असाव्यात. झडपांची पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती व्हावी. पाण्याच्या वाटेतला कचरा आणि गाळ काढून पाणी खेळते करावे. हे काम पाखरे परतल्यावर व पाऊस सुरू होण्याआधी करावे. खारफुटीला हात लावायचा झाल्यास उच्च न्यायालयाची परवानगी लागते, हे ध्यानात ठेवून वाटेपुरतेच काम मागावे. तळ्यात येणारे सांडपाणी बंद करावे. आणि औषध अळ्या पाहून, मोजूनच टाकावे.

उरलेले काम सरकारदरबारी नाही, आपल्या हाती आहे. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरात कोरडा पाळावा. पिंप, बादल्या, बशा रिकाम्या करून नुसत्या विसळू नयेत, काथ्याने घासाव्यात. एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी मिळताच जागी होतात. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे दोघी-दोघींनी जिने वाटून घेऊन पाहावीत. नवऱ्याला आणि मुलांनाही कामाला लावावे. डास काही बायकांनाच चावत नाहीत!

मंडळाने आजवर भिशी चालविली, शिवणवर्ग चालविले, हळदीकुंकवे केली. यंदा प्रत्येक जिन्यामागे दोन नावे लिहून घ्यावीत आणि येत्या रविवारपासून कोरडा दिवस सुरू करावा. नावे लिहिण्याची वही मी टेबलावर ठेवलेली आहे. अर्जाचा कच्चा मजकूरही तिच्यातच आहे. चहा घेता घेता तो वाचावा, काही कमीजास्त वाटल्यास तेथेच लिहावे, आणि पटला तर सही करावी, ही विनंती.